आठ दिवसांत हरकत कळवावी

आमच्या गल्लीत टेबल एकाच्याही घरी नव्हतं, पण परदेशातल्या टेबलांवर टाकायचं कापड मात्र घरोघरी विणलं जायचं. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट, नागपूरच्या गोळीबार चौकामागच्या आमच्या कोष्टी वस्तीतली. त्याआधी सगळे नऊवारी लुगडी विणायचे. मग गिरणीच्या पातळांनी लुगड्यांचा खप खाल्ला, आणि मुंबईचा एक व्यापारी आमच्या सोसायटीकडे लाल-पांढऱ्या चौकड्याचा नमुना घेऊन आला. त्या कापडाचे टेबलक्लॉथ आणि नॅपकिन जर्मनीला जायचे. बाबूजी, म्हणजे माझे वडील, विणकरांच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी पहिला नॅपकिन हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "याचं करतेत काय ते लोक?"

व्यापारी म्हणाला, जेवताना मांडीवर ठेवतात.

"मांडीवर? इतकं सांडतेत का गा?" बाबूजी म्हणाले. गल्ली त्यावर महिनाभर हसत होती.

विणणं पुरुषांचं आणि शिलाई बायकांची, अशी वाटणी आपोआपच झाली. दुपारची भांडी आवरली की बायका आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर नॅपकिनांची चळत. कापडाची कड दुमडायची, हातानं शिवायची आणि चारी कोपऱ्यांना दोऱ्याची बारीक गाठ मारायची. माझ्या आईची दुमड इतकी बारीक असे की व्यापारी तिचे नॅपकिन नमुना म्हणून वेगळे काढून ठेवायचा. ती लग्न होऊन आली तेव्हापासून मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्याच भरत आली होती. कांड्या भरणं म्हणजे बाबूजींच्या कामाला हात लावणं. शिलाई तिची स्वतःची होती. ओट्यावर ती बसली की तिचा आवाजसुद्धा बदलायचा. "पदर नाई का वं त्या बायांले, तोंड पुसायले?" असं म्हणून ती सगळ्यांना हसवायची, आणि हसता हसता एखादीची वाकडी दुमड उसवायला लावायची. त्या दुपारी आठवल्या की आजही मला बरं वाटतं. तेवढी सुखी मी तिला नंतर पाहिली नाही.

मी मात्र सुईच्या वाटेला गेले नाही. दोरा गुंतला की मी तो सोडवत नसे, तोडून मोकळी व्हायची. आई म्हणायची, "तुले टाइपच बरा बाप्पा. तिथं नुसतं ठोकाचं असते." मॅट्रिक झाल्यावर मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग केलं, शॉर्टहँडही शिकले, आणि हातमागाचं काम पाहणाऱ्या एका सरकारी कचेरीत सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर लागले. कचेरी सिव्हिल लाईन्समध्ये होती. मोठी झाडं, लांब व्हरांडे, आणि माणसं अशी हळू चालणारी की जणू सगळ्यांचंच नुकतं जेवण झालं आहे. मी सायकलवरून जायची. पातळ चेनमध्ये अडकू नये म्हणून आईनं मला त्याच चौकड्याच्या कापडाची एक पट्टी करून दिली होती.

जगाचा व्यापार कसा चालतो हे मला त्या कचेरीत स्टेन्सिल कापता कापता कळलं. श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या कापडाला मापं घालून दिली होती: या देशातून इतकंच येईल, त्या देशातून तितकंच. पण हातमागाच्या कापडाला त्या मापातून सूट होती. हातानं विणलंय असा आमच्या कचेरीचा शिक्का गाठोड्यावर बसला की ते मोजलं जात नसे. दर काही वर्षांनी हा करार संपायचा आणि पुन्हा ठरवायला देशोदेशींचे मंत्री परदेशात जमायचे. त्या वर्षी श्रीमंत देश म्हणत होते, कापडाला सूट राहू द्या, पण शिवलेल्या मालाला नको. नुसता तागा हातमागाचा. त्याची दुमड घालून नॅपकिन झाला की तो शिवलेला माल, तो मापात धरा. आमच्या गल्लीच्या भाषेत सांगायचं तर बाबूजींचं काम राहणार होतं आणि आईचं जाणार होतं.

मंत्री जाण्याआधी खालचे अधिकारी गावोगाव फिरून विणकरांचं मत घेत होते. तसे एक साहेब दिल्लीहून नागपूरला आले. सडपातळ, चष्मेवाले, अगदी सभ्य माणूस. मला त्यांनी एकदाही 'ए मुली' म्हणून हाक मारली नाही, 'आप' म्हणायचे. मंत्र्यांच्या अशा दोन बैठकांना ते परदेशी जाऊन आले होते. आमच्या कचेरीत चहा पिता पिता त्यांनी तिथली तऱ्हा सांगितली. मोठ्या सभागृहात देशाच्या नावाच्या पाटीमागे एकेक मंत्री बसतो आणि लिहून आणलेलं भाषण वाचतो. ती भाषणं आपापल्या गावच्या वर्तमानपत्रांसाठी. खरी बोलणी लहान खोलीत, सात-आठ देशांत. बाकीचे देश बाहेर कॉफी पीत उभे. तू माझ्या गव्हाला वाट दे, मी तुझ्या कापडाला देतो, असं आत चालतं. मग सगळ्यांना आत बोलावून अध्यक्ष एकेक कलम वाचतो आणि विचारतो, कोणाची हरकत? मतं मोजत नाहीत. कोणी बोललं नाही की हातोडी पडते आणि कलम मंजूर.

"मग ज्याला पटलेलं नाही तो?" मी विचारलं. तात्पुरत्या टायपिस्टनं मधे बोलायचं नसतं, पण माझं तोंड कधी ऐकलंय?

"उसको बोलना चाहिए," साहेब म्हणाले. "नहीं बोला तो मान लिया."

आमच्या सोसायटीत याच्या बरोब्बर उलट होतं. तिथंही मतं कधी मोजली नाहीत, पण विषय मांडला की सुपारीचं तबक फिरायचं. मान्य असेल त्यानं खांड उचलायचं. मान्य नसेल त्यानं तबकाला नुसतं बोट लावून पुढं सरकवायचं. तबक पुरतं रिकामं झालं तरच विषय पक्का. कोणालाही तोंडानं नाही म्हणावं लागत नसे. याला कारण होतं. सकाळी प्रत्येकाचा ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून त्याला खळ लावायची असे, आणि ते एकट्याचं काम नाही. चार शेजारी लागतात. ज्याचे हात सकाळी हवे आहेत त्याला संध्याकाळी नाही कसं म्हणायचं? पाहुण्याला तर नाहीच नाही.

सभा आमच्याच गल्लीत, सोसायटीच्या टिनाच्या छपराखाली झाली. वीस-पंचवीस विणकर सतरंजीवर, साहेब खुर्चीवर, आणि मी त्यांच्या शेजारी स्टुलावर वही घेऊन. बायका बाहेर, आमच्या ओट्यावरून कान लावून. साहेबांनी हिंदीत सगळं नीट समजावून सांगितलं, काही लपवलं नाही. म्हणाले, सगळंच धरून बसलो तर सगळंच जाईल. शिवलेला माल सोडला तर कापड वाचेल. तिथं काही दिल्याशिवाय काही मिळत नाही.

सगळे ऐकत होते. बाबूजींनी तबक फिरवायला दिलं. पहिल्यानं बोट लावलं आणि पुढं सरकवलं. दुसऱ्यानं तसंच. तिसऱ्यानं तसंच. मला स्टुलावरून दिसत होतं, एकही खांड हललं नव्हतं. बाबूजींनीही बोट लावलं. ज्यांचं कापड वाचणार होतं ते सगळे पुरुष, एकूण एक, बायकांच्या शिलाईसाठी नाही म्हणत होते. माझा ऊर भरून आला.

"तो किसी को कोई आपत्ति?" साहेबांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. सांगून तर झालं होतं!

"कोई नहीं? बहुत अच्छा."

तबक भरलेलंच त्यांच्यापुढं आलं. त्यांनी दोन खांडं उचलली आणि खुशीत म्हणाले, "अरे, आप लोगों ने लिया ही नहीं, सब मेहमान के लिए छोड़ दिया! मेहमाननवाज़ी कोई नागपुर से सीखे."

सतरंजीवरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपली पोरगी साहेबाशेजारी बसली आहे, तिला दोन्हीकडची रीत ठाऊक आहे, ती सांगेल, हे त्या पाहण्यात इतकं स्वच्छ होतं की मला आजही मान वर करवत नाही. मी वहीत बघत बसले. जीपमध्ये साहेब म्हणाले, "आपके लोग बहुत समझदार हैं." मी म्हणाले, "येस सर."

एवढी तोंडाळ मी! भाजीवालीशी पै-पैशावरून भांडणारी, मधे बोलू नये तिथं हटकून बोलणारी. आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा तोंडातून एवढंच निघालं. भीती होती ती नोकरीची. माझी नेमणूक पुढच्या महिन्यात संपत होती आणि ती वाढवायची की नाही हे वरच्यांच्या हातात होतं. आपल्या बापाच्या सोसायटीची वकिली करते असं कोणी म्हटलं असतं तर संपलं होतं.

घरी आल्यावर बाबूजींनी विचारलं, "सांगतलं ना साहेबाले?"

"सांगते उद्या," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी साहेब दिल्लीच्या गाडीत बसले होते.

सभेचं इतिवृत्त टाइप करायला माझ्याकडेच आलं. 'चर्चेअंती उपस्थित विणकरांनी प्रस्तावास एकमताने संमती दर्शविली.' मी ते टाइप केलं. खाली नेहमीचं वाक्य होतं: 'इतिवृत्ताबाबत हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावी, अन्यथा ते मान्य आहे असे समजण्यात येईल.' ते वाक्य पाहून माझ्या जिवात जीव आला. मला बोलायची गरजच नव्हती! बाबूजी वाचतील, सोसायटीच्या शिक्क्यानिशी चार ओळींचं पत्र पाठवतील, आणि सगळं सरळ होईल. टपालानं जायची प्रत मी मुद्दाम स्वतः घरी नेली आणि बाबूजींच्या हातात दिली.

ते दारात उजेडाला बसले. एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी कागद वाचला. शेवटी खाली कोपऱ्याशी त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी आईला हाक मारली. मी बादली घेऊन नळावर गेले, कारण मला तिथं उभं राहवेना. परत आले तेव्हा कागदाची घडी घालून त्यांनी पेटीत ठेवून दिली होती आणि ते मागावर जाऊन बसले होते. धोटा खडखडत होता.

एक दिवस गेला. दोन गेले. कचेरीत टपाल आलं की मी सगळ्यांच्या आधी उठून पाहायची. घरी बाबूजी हवापाण्याबद्दल बोलत. आईनं माझ्या आवडीच्या सांभारवड्या केल्या, न मागता. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनीही मला विचारलं असतं, साहेबाला काहून नाही सांगितलं. आठवा दिवस गेला आणि फाइल दिल्लीला गेली. मी मनाशी ठरवून टाकलं, बाबूजींना कळलंच नाही. चौथी शिकलेला माणूस, सरकारी मराठी, त्यात ते 'अन्यथा'. असं ठरवलं की मला त्यांच्यावर रागावता येत होतं. मी खूप रागावले.

मंत्र्यांची बैठक झाली. रेडिओवर बातम्यांत एक वाक्य आलं, करार पुढं चालू राहणार म्हणून. बाबूजींनी तेवढ्यापुरता माग थांबवला आणि पुन्हा सुरू केला. पुढच्या महिन्यात कचेरीत परिपत्रक आलं आणि त्याचं स्टेन्सिलही मीच कापलं. हातमागाच्या कापडाला सूट कायम. शिवलेला माल मापात. आमच्या एका सभेनं तिथली हातोडी थांबली असती असं मी म्हणत नाही. त्या लहान खोलीत कोणी काय देऊन काय घेतलं, कोणास ठाऊक. पण दिल्लीहून गेलेल्या कागदांत 'विणकरांची संमती आहे' असं एक पान होतं, आणि ते माझ्या हातचं होतं.

व्यापाऱ्यानं नंतर नुसते तागेच मागवले. ते कुठं तरी दुसरीकडे मशिनीवर शिवले जाऊ लागले. आमच्या ओट्यावर काही दिवस बायका सवयीनं येऊन बसल्या, तूर निवडली, गप्पा मारल्या. पण हातात एकसारखं काम नसलं की दुपार लवकर मोडते. एकेक करून त्या यायच्या बंद झाल्या. आई पुन्हा कांड्या भरायला लागली. ती कुरकुरली नाही, आणि तेच मला खुपायचं. तिनं मला दोन शब्द सुनावले असते, तर मी आनंदानं ऐकून घेतले असते.

माझी नेमणूक वाढली, मग कायम झाली, मग मी स्टेनो झाले. बाबूजी गेले. गल्लीत एकेक हातमाग उचलला जाऊन त्याजागी कुठं पॉवरलूम आले, कुठं किराण्याचं दुकान. मी लग्न करून शहराच्या दक्षिणेला राहायला गेले, तिकडे तेव्हा नुसते प्लॉट पडत होते, आणि आईला माझ्याकडे घेऊन आले.

ऐंशीच्या दशकातली ती एक हिवाळ्याची सकाळ. आई अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती आणि मी तिला पेपर वाचून दाखवत होते. व्यापाराच्या बोलण्यांची नवी फेरी सुरू होणार, देशोदेशींचे मंत्री जमणार, अशी बातमी होती. ती वाचता वाचता माझा पारा चढला. मी म्हणाले, यांना कोणी विचारत का नाही? समोरचा गप्प बसला म्हणजे कबूल, हा कुठला न्याय? आणि त्याच भरात तोंडून निघून गेलं, "तवा बाबूजीले तो कागद समजला असता, तर तुही शिलाई गेली नसती."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली.

"समजला नाई म्हंते तू? त्यायनं मले पुरा वाचून दाखोला. सांगतलं, शिलाई सोडली असं लिवलं हाय, हरकत घ्याची तं आठ दिवस हायेत."

"मंग काहून नाही घेतली?"

"खाली कोपऱ्यात तुह्या नावाची अक्षरं होती. टाइप करनारीची. त्यायनं बोट ठेवून दाखोली मले. म्हणे, पत्र गेलं का साहेब इचारतीन, ह्या पोरीले सारं ठाऊक होतं, मंग हे असं काहून लिवलं? तुही नोकरी पक्की नोयती." तिनं एक शेंग उचलली, सोलली, दाणे सुपात टाकले. "मले म्हणे, तुहं काम हाय, तू सांग. म्या म्हटलं, राहू द्या."

इतकी वर्षं मी एका मेलेल्या माणसावर रागावून होते, चौथी शिकलेला म्हणून. मी म्हणाले, "मले सांगाचं तं होतं."

"काय सांगाचं?" आई म्हणाली. "सभेत सारे गप बसले, थे नाई होतं. तुले कळलं होतं थे. आन् आमी दोघं आठ दिवस गप बसलो, तं तुले वाटलं इसरलो." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "मंजूर होतं वं आमाले."